कोंबडीच्या उवांचा इतिहास आणि मी बुजवलेला राखेचा खड्डा



आज पिकाची नोंद नाही. आज कोंबडीच्या उवांवर लिहितोय. विषय ऐकून हसू येईल, पण ज्यांच्या दारात दहा-बारा गावरान कोंबड्या आहेत त्यांना ठाऊक आहे. उवा पडल्या की अंडी कमी होतात, खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठून जाते आणि पिल्लं माना टाकतात. याच उवांपायी मी माझ्या हातानं सहा कोंबड्या मारल्या. ती चूक आधी सांगतो, मग इतिहास सांगतो. कारण इतिहास मी त्या चुकीनंतरच वाचायला लागलो.

तीन वर्षांमागं आम्ही घराचं काम काढलं. गॅस आधीच आला होता, म्हणून परसातली चूल मोडली. चुलीमागं राखेचा एक खड्डा होता. आई रोजची राख त्यात टाकायची आणि कोंबड्या दुपारच्या उन्हात तिथं लोळायच्या, पंख फडफडवून राख अंगावर घ्यायच्या. मला ती घाण वाटायची. मुरूम टाकून खड्डा मीच बुजवला आणि सगळ्या परसाला कोबा केला. आई म्हणाली, "आरं, कोंबड्या कुठं लोळतील?" मी म्हणलं, "आता काय कोंबड्यांसाठी परस ठेवायचं का?"

पुढच्या उन्हाळ्यात एक खुडूक बसवलेली कोंबडी चौदाव्या दिवशी उठली, ती परत बसलीच नाही. घरचीनं तिला उलटी धरून शेपटीखाली पाहिलं. पिसांच्या मुळाशी पांढरे गठ्ठे चिकटलेले, रव्याच्या कणांसारखे. आणि पेंढ्याच्या रंगाचे चपटे किडे उजेड पडताच इकडंतिकडं पळत होते. माझ्याकडं कपाशीवर मारून उरलेल्या औषधाची बाटली होती. मी अंदाजानं बादलीत ओतलं आणि अकराच्या अकरा कोंबड्या बुचकळून काढल्या. सकाळी चार मेलेल्या होत्या, दुपारपर्यंत आणखी दोन गेल्या. उरलेल्या पाचांची अंडी कितीतरी दिवस उकिरड्यात पुरली, कारण नातवाच्या ताटात ती वाढायचं धाडस कुणाला झालं नाही. त्या अंड्यांच्या पैशावर घरचीची भिशी चालायची. ती एवढंच बोलली, "अवो, उवा माराय सांगितलं होतं, कोंबड्या नाय."

माझा पुतण्या पशुवैद्यकीयला शिकतो. त्याला फोन केला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "तात्या, ऊ होती का कोळी?" मला सांगता आलं नाही. आपण सगळ्यालाच पिसवा म्हणतो. पिकावरची कीड ओळखल्याशिवाय फवारू नका, असं याच पानावर मी पन्नास वेळा लिहिलंय. आणि घरच्या कोंबडीवर मात्र न ओळखता औषध मारलं.

तर फरक आधी सांगतो. कोंबडीला त्रास देणारा लाल कोळी आठ पायांचा. तो दिवसा खुराड्याच्या फटीत, लाकडाच्या सांध्यात लपतो आणि रात्री येऊन रक्त पितो. दिवसा कोंबडीवर शोधला तर सहसा सापडत नाही. (पिकावरचा लाल कोळी वेगळा, नाव तेवढं सारखं.) ऊ सहा पायांची. ती जन्मल्यापासून मरेपर्यंत कोंबडीच्या अंगावरच राहते, लिखासुद्धा पिसालाच चिकटवते. कोंबडीवरून खाली पडली तर आठवडाभरात मरते. माणसाच्या डोक्यातली ऊ रक्त शोषते, पण पक्ष्यांच्या उवांना चावायचे जबडे असतात. त्या पिसं आणि कातडीचा कोंडा कुरतडतात. त्यातली अंगावरची ऊ कोवळ्या पिसाची नळी कुरतडून रक्तही चाटते. माणसाच्या अंगावर त्या चढल्या तरी टिकत नाहीत. म्हणजे कोळी असेल तर खुराडं साफ करायचं आणि ऊ असेल तर कोंबडी बघायची. मी दोन्ही न बघता बादली भरली.

पुतण्यानं पुस्तकं वाचून सांगितलं ते मी वर्षभर वहीत उतरवत गेलो. त्यातलं आता सांगतो.

सगळ्यात जुनी गोष्ट ग्रीस देशातली. इसवी सनाच्या आधी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल नावाचा विद्वान होऊन गेला. त्यानं प्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात पक्ष्यांनाही उवा होतात हे त्यानं नोंदवलंय. फेझंट म्हणून आपल्या रानकोंबड्याच्या भावकीतला पक्षी आहे, तो धुळीत लोळला नाही तर उवांनी मरतो, असं त्यानं लिहून ठेवलं. मंडळी, ही तेवीसशे वर्षांपूर्वीची नोंद. माझ्या आईचा प्रश्न आणि ही नोंद एकच आहे. आईला ॲरिस्टॉटल माहीत नाही आणि मी दहावी पास होऊन आईचं ऐकलं नाही.

पण या मोठ्या माणसाचीही एक गोष्ट चुकली. उवा अंगाच्या मांसातूनच तयार होतात, असं तो मानायचा. पुढं दोन हजार वर्षं लोक हेच धरून चालले. मांस सडलं की त्यातून किडे आपोआप होतात, घामातून आणि मळातून उवा होतात, असा समज होता. इटलीत फ्लोरेन्स शहरात फ्रान्चेस्को रेडी नावाचा वैद्य मेडिची राजघराण्याच्या पदरी होता. त्यानं १६६८ साली पुस्तक छापलं. त्यानं मांसाचे तुकडे भांड्यांत ठेवले, काही भांडी उघडी आणि काही झाकलेली. उघड्या भांड्यात माशा बसल्या, तिथं अळ्या झाल्या. झाकलेल्या भांड्यात मांस सडलं, पण अळी झाली नाही. म्हणजे माशीच्या अंड्यातूनच अळी होते, मांसातून नाही. त्याच पुस्तकात त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या वेगवेगळ्या पक्ष्यांच्या उवांची चित्रंही छापली. पक्ष्यांच्या उवांची इतकी चित्रं त्याआधी कुणी एकत्र दिली नव्हती.

याचा आपल्याला उपयोग काय? आजही गावात म्हणतात की घाणीतून उवा होतात. तसं होत नाही. ऊ उवेपासूनच होते. आपल्या कळपात ती येते बाजारातून आणलेल्या कोंबडीबरोबर, नाहीतर पाहुण्यांनी दिलेल्या कोंबड्याबरोबर. माझ्याकडं ती बाजारातल्या एका तलंगेबरोबर आली असावी. महिनाभर आधी आणली होती आणि थेट कळपात सोडली होती.

पुढं नावं ठेवायचा काळ आला. स्वीडनच्या लिनियसनं १७५८ साली प्राण्यांची जी यादी छापली तीत कोंबडीची ऊ आहे. मग जर्मनीत हाले शहरात नित्झ नावाच्या प्राध्यापकानं पक्ष्यांच्या उवांचाच अभ्यास धरला आणि १८१८ साली या चावणाऱ्या उवांचा वेगळा गट करून त्याला नाव दिलं. कोणती ऊ कोणत्या पक्ष्यावर हे ठरलेलं असतं. कबुतराची ऊ कबुतरावर आणि बदकाची बदकावर. एका कोंबडीवर तर जागासुद्धा वाटून घेतलेल्या असतात. डोक्यावरची वेगळी, पंखातली वेगळी, पिसाच्या दांड्यावरची वेगळी, मऊ पिसातली वेगळी आणि अंगावरची वेगळी. डोक्यावरची लहान पिल्लांना फार बाधते. मोठ्या कोंबडीला सगळ्यात जास्त छळते ती अंगावरची, शेपटीखाली गठ्ठे करणारी.

या अंगावरच्या उवेची कहाणी गंमतीची आहे. नित्झनं तिला नाव दिलं ते कोंबडीवरून नाही, टर्की पक्ष्यावरून. लॅटिन नावाचा अर्थ पेंढ्याच्या रंगाची. शास्त्रज्ञांचं मत असं की ही मुळात टर्कीची ऊ, कोंबडीवर ती नंतर चढली. कोंबडी आपल्या आशियातली आणि टर्की अमेरिकेतला. दोघांची गाठ पडली ती सोळाव्या शतकात, स्पॅनिश लोकांनी टर्की युरोपात नेल्यावर. एका दारात दोन्ही पक्षी वाढले की उवांना दुसरं घर मिळतं.

आपल्याकडं टर्की आला त्याची पण नोंद आहे. १६१२ साली मुकर्रब खान नावाच्या सरदारानं गोव्याच्या पोर्तुगीजांकडून नवलाचे प्राणी-पक्षी बादशहा जहांगीरसाठी नेले. त्यात टर्की होता. बादशहानं स्वतः त्याचं वर्णन लिहिलं आणि उस्ताद मन्सूरनं चित्र काढलं. ते चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. गळ्याचे लाल-निळे लोंबते पडदे, पिसांवरचे पट्टे सगळं त्यात दिसतं. पिसांच्या मुळाशी काय होतं ते तेवढं चित्रात दिसत नाही.

आता औषधांकडं येऊ, कारण माझी चूक त्यातलीच. १९१७ साली अमेरिकेच्या शेतीखात्यानं शेतकऱ्यांसाठी ८०१ नंबरची पुस्तिका काढली. विषय कोंबड्यांवरचे कोळी आणि उवा, लिहिणारे बिशप आणि वूड. तिकडंही तेव्हा दारोदारी कोंबड्या होत्या आणि अंड्यांचे पैसे घरच्या बायकांच्या हातात असायचे. त्या पुस्तिकेत उवांवर सोडियम फ्लोराइडची पूड सांगितली होती. पद्धत चिमटीची. डोक्यावर, मानेवर, पाठीवर, छातीवर, गुदाखाली, शेपटीच्या मुळाशी, मांड्यांवर आणि पंखांखाली एकेक चिमूट पिसांच्या मुळापर्यंत सोडायची. एका वापरात उवा संपतात असं त्यात होतं. ही पूड माणसालाही विष आहे, आज कुणी तिच्या नादी लागू नये. पण त्या पुस्तिकेतली एक गोष्ट मला फार पटली. लिहिणाऱ्यांनी आधी ऊ कुठं राहते ते पाहिलं आणि मग औषधाची जागा ठरवली. प्रत्येक कोंबडी हातात घ्यायला लावली.

मग हातात घ्यायचे कष्टही नकोसे झाले. तंबाखूपासून काढलेलं निकोटिन सल्फेट आलं. संध्याकाळी कोंबड्या बसायच्या दांडीला ते फासायचं, रात्री अंगाच्या उबेनं त्याची वाफ पिसात शिरायची आणि उवा मरायच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं. १९३९ साली स्वित्झर्लंडच्या पाउल म्यूलरनं त्याचा कीडनाशक गुण ओळखला आणि १९४८ साली त्याला नोबेल मिळालं. गोठ्यात, खुराड्यात, पिकावर सगळीकडं डीडीटी मारलं गेलं. ते चरबीत साठतं आणि दुधात, अंड्यात उतरतं, हे मागाहून उमगलं. अमेरिकेनं १९७२ साली त्यावर बंदी घातली, आपल्याकडं शेतीसाठी १९८९ साली बंदी आली. त्यानंतरही एकामागून एक दुसरी औषधं येत राहिली.

याच काळात कोंबडीचं राहणंही बदललं. कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यात गेल्या. एकमेकींना टोचून मारू नयेत म्हणून चोचीचं टोक कापायची पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकात सुरू झाली. टोचाटोची ही खरी अडचण आहे, म्हणून चोच कापणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण हिशोब बघा. कोंबडीकडं उवांवर दोन हत्यारं होती, चोच आणि धूळ. पिंजऱ्यात धूळ गेली आणि चोचही गेली. मग उरलं फक्त औषध.

चोच हे हत्यार आहे हे कुणी नुसतं म्हणून सोडलं नाही, मोजून दाखवलं. अमेरिकेत युटा विद्यापीठात डेल क्लेटन आणि त्यांच्या सोबत्यांनी कबुतरांवर काम केलं. कबुतराच्या वरच्या चोचीचं टोक खालच्या चोचीपुढं एक-दोन मिलिमीटर आलेलं असतं. २००५ साली त्यांनी दाखवलं की तेवढं टोक घासून काढलं तर उवा झपाट्यानं वाढतात. खाण्यापिण्याला त्या टोकाची गरज नव्हती, ते उवा चिरडायला होतं. टोक परत वाढू दिलं की उवा परत कमी झाल्या. कॅलिफोर्नियात मलेन्स आणि सोबत्यांनी २०१० साली पिंजऱ्यातल्या कोंबड्यांवर तेच पाहिलं. चोच कापलेल्या कोंबड्यांवर उवा कितीतरी जास्त होत्या.

धुळीचंही तसंच. २०१२ साली त्याच कॅलिफोर्नियात मार्टिन आणि मलेन्स यांनी मोकळ्या कोंबड्यांना वाळूच्या पेट्या दिल्या. कुठल्या पेटीत गंधकाची पूड मिसळली, कुठल्या पेटीत पांढरी चिनी माती, कुठल्या पेटीत डायटम माती. ज्या कोंबड्या लोळल्या त्यांच्या उवा आणि कोळी चांगलेच उतरले. गंधकाचा गुण सगळ्यात जास्त आला, न लोळणाऱ्या कोंबड्यांवरसुद्धा. मातीच्या पेट्या काढून घेतल्यावर मात्र तो गुण टिकला नाही. कीड मरते ती अशी. उवेच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, त्यानं तिच्या अंगातलं पाणी टिकतं. बारीक पूड तो थर शोषते, खरवडते आणि ऊ सुकून मरते. आपण धान्यात राख घालतो तेच तत्त्व.

आणि एक गोष्ट वाचून मी वही मिटून बसलो. तारेच्या पिंजऱ्यात धूळ नसतानासुद्धा कोंबड्या लोळायची सगळी हालचाल करतात. खाली बसतात, पंख हलवतात, नसलेली माती अंगावर ओढतात. शास्त्रज्ञांनी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. मी पण पाहिलं होतं, माझ्या कोब्यावर. दुपारी कोंबड्या सिमेंटवर अंग घासायच्या आणि मी घरचीला म्हणायचो, "बघ, गार लागतंय म्हणून लोळत्यात."

युरोपात २०१२ पासून नुसत्या तारेच्या उघड्याबोडक्या पिंजऱ्यांना बंदी आहे. पण औषधाची चूक तिकडंही सुटली नाही. २०१७ साली नेदरलँड आणि बेल्जियममध्ये अंड्यांत फिप्रोनिल सापडलं. आपण पिकाला मारतो तेच. लाल कोळ्यासाठी खुराडी धुताना वापरलेल्या औषधात ते मिसळलेलं होतं, खाण्याच्या प्राण्यांवर त्याला परवानगी नव्हती. लाखो अंडी नष्ट करावी लागली, फार्म बंद पडले. मोठ्या देशातल्या मोठ्या फार्मवर झालं ते माझ्या परसात बादलीभर झालं, एवढाच फरक.

आता माझ्याकडची नोंद.

मागच्या वर्षी परसाच्या कडेचा कोबा दोन फूट बाय तीन फूट फोडला. वीतभर खोल खड्डा केला, वर पत्र्याचा तुकडा टाकला म्हणजे पाऊस लागत नाही. कोरडी पोयटा माती, बारीक वाळू आणि लाकडाची चाळलेली गार राख सारख्या मापानं भरली. राख आता घरात नाही, गावातल्या गुऱ्हाळावरून आणतो. प्लॅस्टिक, कचरा जाळलेली राख चालत नाही. ओली राख कातडी जाळते, म्हणून खड्डा कोरडाच पाहिजे. खड्डा भरला त्याच दुपारी पाचही कोंबड्या त्यात होत्या.

दर पंधरा दिवसांनी प्रत्येक कोंबडी संध्याकाळी हातात घेऊन शेपटीखाली, पंखाखाली आणि पिल्लांच्या डोक्यावर पाहतो. पहिल्या महिन्यात गठ्ठे कमी झाले, तिसऱ्या महिन्यात शोधावे लागायला लागले. उवा साफ गेल्या असं म्हणणार नाही, अजून एखादी दिसते. खुडूक कोंबडीला लोळायला वेळ कमी मिळतो, म्हणून बसवायच्या आधी तिला नीट तपासतो आणि डालग्यातलं गवत नवीन घालतो. बाजारातली कोंबडी आणली की तीन आठवडे वेगळी. ऊ लिखेपासून मोठी व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात.

जास्त उवा पडल्या आणि औषध लागलंच, तर पशुवैद्यकाला विचारून कोंबडीसाठीचंच घ्यायचं. माप त्यांचं आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही त्यांनाच विचारायचं. औषधानं लिखा सहसा मरत नाहीत, म्हणून दहा ते चौदा दिवसांनी दुसऱ्यांदा द्यावं लागतं. पिकाची बाटली कोंबडीजवळ आणायचीच नाही. गंधकाची भुकटी द्राक्षवाल्यांच्या घरात असते, पण ती खड्ड्यात किती घालायची हे मी अजून पशुवैद्यकाला विचारतोय, तोवर घातली नाही. पानावर डॉक्टर मंडळी आहेत, त्यांनी यावर लिहिलं तर सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

आता कोंबड्या नऊ झाल्यात. या पावसाळ्यात घरचीनं परत भिशी धरली. कोबा फोडताना आई बाजेवर बसून बघत होती. काही बोलली नाही. खड्डा भरून झाल्यावर काठी टेकत आली, मूठभर राख घेऊन चोळून पाहिली आणि म्हणाली, "खडे हायेत. परत चाळ." परत चाळली.